धोंडुबाईची मिसरी

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी धोंडुबाईला आधी तोंड उघडायला सांगितलं आणि तिथंच दोघांचं बिनसलं.

"आवं, डोळा हितं हाय," धोंडुबाईनं बोट डोळ्याच्या पार जवळ नेऊन दाखवलं. "तोंडाला काय बी झाल्यालं न्हाई माज्या. चांगलं चालतंय."

"ते मघापासून ऐकतोच आहे," डॉक्टर म्हणाले. "आ करा."

धोंडुबाईनं आ केला. डॉक्टरांनी आत बॅटरी मारली, विझवली आणि थोडा वेळ ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मोतीबिंदू त्यांनी पोत्यानं पाहिले होते. हे प्रकरण निराळं होतं.

"आजी, मिसरी लावता?"

"लावती की. तुमची आई लावत न्हाई?"

डॉक्टरांची आई सांगलीतच राहत होती आणि दिवसातून तीनदा लावत होती. तेव्हा तो विषय तिथंच सोडून ते बरोबर आलेल्या सुनेकडं वळले.

"हे बघा, सगळ्या हिरड्यांत पू आहे. हा पू रोज पोटात जातो, रक्तात जातो. मी आज डोळा कापला आणि ही घाण रक्तातून तिथवर पोचली, तर आहे ती नजरसुद्धा जाईल. तोंड म्हणजे शरीराचा उंबरा. उंबऱ्यावर उकिरडा ठेवून आत सारवण करून काय उपयोग? दोन दात हलताहेत, ते काढून घ्या. मिसरी बंद. हिरड्या बऱ्या झाल्या की या, लगेच डोळा करतो. पण फार लांबवू नका, मोतीबिंदू पिकत आलाय. उशीर झाला तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"आन् हिरड्या बऱ्या न्हाई झाल्या तर?" धोंडुबाईनं विचारलं.

"तर मी सुरीला हात लावणार नाही."

कराडच्या एस्टीत धोंडुबाई काढलेले दोन्ही दात पदराच्या गाठीत बांधून बसली होती आणि तोंडात कापसाचा बोळा असूनही बोलत होती. "म्या काय डोळ्यात मिसरी घालती व्हय? पाय मोडला तर ह्यो डाक्टर कान बघंल." कंडक्टरनंही तिचीच बाजू घेतली. त्याचा मामा असाच पोटदुखीसाठी गेला होता आणि दात पाडून घेऊन परत आला होता. अंजना, म्हणजे धोंडुबाईची सून, खिडकीशी बसली होती. तिला सासूच्या आधी नवऱ्याची काळजी होती. लालासाहेब फौजेत होता आणि सुट्टी संपवून जाताना बायकोला एवढंच म्हणाला होता, "आईचा डोळा तेवढा उघडून घे. बाकीचं मी आल्यावर बघतो."

एवढ्यावरून धोंडुबाईला डोळ्याची किंमत नव्हती असं कुणी समजू नये. उलट, डोळ्यापायी तिचा जीव तुटत होता. गेल्या वैशाखात लालासाहेबाचं लग्न झालं तेव्हाच दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. सूनमुख पाहायला म्हणून बायकांनी तिच्यापुढं आरसा धरला, तर तिला आरशात नुसतं धुकं दिसलं. लोकांसमोर बोभाटा नको म्हणून "झ्याक हाय" म्हणाली आणि साखर घातली सुनेच्या तोंडात, ती नाकाला लागली. तेव्हापासून आळीतली येईल ती बाई सांगत होती, "आक्का, सून हासली की काय दात दिसत्यात! डाळिंबाचं दाणं!" धोंडुबाई ऐकायची आणि अंधारात चाचपडल्यासारखं सुनेच्या आवाजाकडं बघायची. येकदा तरी त्या पोरीला हासताना बघायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ती बोलून दाखवायची आणि डोळे पुसायची.

पण मिसरी ही गोष्टच वेगळी होती. मलकापूरच्या पलीकडं कोसभर असलेल्या त्या वाडीत धोंडुबाईच्या मिसरीला नाव होतं. तंबाखू तव्यावर किती भाजायची, करपायच्या किती आधी उतरायची आणि तळहातावर कशी चुरायची हे ज्ञान तिला तिच्या सासूकडून मिळालं होतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घर हादरताक्षणी ती मिसरीची डबी घेऊन बाहेर पळाली होती. नवऱ्याला हाक मारायचं तिला अंगणात आल्यावर आठवलं. रोज सकाळी तिच्या ओट्यावर भामाबाई, अंबूबाई आणि आळीतल्या चारदोन बाया जमायच्या, डबीतली चिमूट घ्यायच्या, आणि तर्जनी दातांवर फिरत असताना वाडीतल्या प्रत्येक घराचा निकाल लावायच्या.

अंजना वाईची. मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्नानंतर पहिल्या सकाळी ती ब्रश आणि पेस्ट घेऊन याच ओट्यावर बसली होती. शेजारची भामाबाई, जिनं जन्मात ब्रश बघितला नव्हता, ती "आगं, नवरीच्या तोंडाला फेस आलाय, फिट आली फिट!" असं ओरडत कांदा फोडून घेऊन धावली होती आणि तो अंजनाच्या नाकात कोंबायला लागली होती. तेव्हापासून अंजना परसात जाऊन दात घासायची.

सांगलीहून परतल्यावर धोंडुबाईनं मन घट्ट केलं. डबी सुनेच्या हवाली केली. "कुठं ठिवलीस ते मला सांगू नगं," म्हणाली. न्याहरीपर्यंत बरं चाललं. मग तिचं डोकं धरलं. तिनं कोंबडीला तांब्या फेकून मारला, दिसत नसल्यामुळं तो शेरडाला लागला. दुपारी ती घरातला प्रत्येक डबा उघडून हुंगायला लागली. आणि या सगळ्याहून मोठी अडचण वेगळीच होती.

"अंजने, मिसरीबिगार मला परसाकडं व्हत न्हाई गं. आज दोनदा जाऊन आले, नुसतं बसून. दे ती डबी."

"आत्याबाई, डाक्टर काय म्हणाले?"

"त्येच्या पोटात न्हाई दुखत. माज्या दुखतंय! डोळा गेला तर जाऊ दे."

अंजनानं डबी दिली. धोंडुबाईनं दातांवर बोट फिरवलं, तिला हायसं वाटलं, आणि लगेच रडू फुटलं. "आता मला तुजं तोंड दिसत न्हाई बघ. आसंच मरायचं म्या. सूनमुख न बघता."

ते रडणं बघून अंजनाच्या डोक्यात एक कल्पना आली. सासूला दिसत नाही हे दुःख खरं, पण सासूला दिसत नाही ही सोयही होती.

वाईला तिची आई घरीच दंतमंजन करायची. बाभळीच्या सालीचा कोळसा, तुरटीची लाही, सैंधव आणि लवंग. रंगानं अगदी मिसरीच. पुढच्या वेळी धोंडुबाईनं मिसरी भाजायला सांगितली तेव्हा अंजनानं तंबाखू भाजली, धूर घरभर जाऊ दिला, सासूला दोनदा खोकला येऊ दिला, आणि चुरायच्या वेळी डबीत मंजन भरलं. तंबाखूच्या वासाची चिंता नव्हती. डबीला चाळीस वर्षांचा वास होता, तो काही जाणार नव्हता. उरली खरी मिसरी. ती उकिरड्यावर टाकावी तर भामाबाईचं नाक तीन घरांवरून वास घेतं. म्हणून अंजनानं ती एका बरणीत घालून उतरंडीच्या मागं ठेवून दिली.

सकाळी धोंडुबाईनं चिमूट घेतली आणि बोट थांबवलं.

"हिला आज चव कसली गं? जीभ चरचरली न्हाई."

"सर्दावली आसंल तंबाकू."

"व्हय? मग जरा ज्यादा घ्याया पायजे."

धोंडुबाईनं दुसरी चिमूट घेतली, मग तिसरी. तलफ काही भागेना. दुपारी पुन्हा, चारला पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा. पूर्वी ती सकाळ-संध्याकाळ दोनदा लावायची. आता दिवसभर तिचं बोट तोंडात. आयुष्यात तिनं एवढे दात कधी घासले नव्हते.

पण चव जुळवणं भाग होतं, नाहीतर बिंग फुटलं असतं. आणि चव जुळवायची म्हणजे मूळ चव माहीत पाहिजे. अंजनानं बरणी काढली, नाक मुरडत खऱ्या मिसरीची चिमूट दातांवर फिरवली, घेरी आली, चुलीपुढं बसकण मारली. मग तोंड धुऊन मंजनात थोडी मिऱ्याची पूड घातली. त्या दिवशी धोंडुबाईला एवढ्या शिंका आल्या की मोतीबिंदू डॉक्टरांच्या आधी शिंकेनंच बाहेर पडायचा होता. मिरे कमी करून ओवा घातला. पुन्हा खरी चिमूट, पुन्हा खोटी चिमूट. असं रोज चाललं. घेरी मात्र येईनाशी झाली.

हा उद्योग एका घरापुरता राहिला असता तर बरं होतं. पण डबी ओट्यावर फिरत होती. आठवडा उलटायच्या आत आळीतल्या बायांची डोकी चढली. नळावर घागरीवरून भांडणं झाली. अंबूबाईनं नवऱ्याला ताट न वाढताच जेवून ऊठ म्हणून सांगितलं. भामाबाईचं आणि सुनेचं वाजलं, मग भामाबाईचं आणि लेकाचं, आणि शेवटी कुणीच उरलं नाही तेव्हा तिनं म्हशीशी भांडण काढलं. पोटाचा प्रश्न सगळ्यांचा एकच होता, आणि चारजणी एकदा त्याविषयी उघड बोलल्या तेव्हा कारणही एकच निघालं.

"तंबाकू खराब हाय! आप्पानं जुना माल गळ्यात मारलाय."

आप्पासो हा वाडीतला दुकानदार. सकाळी दुकानाची फळी काढतोय तर पुढं पाचसहा बाया, चेहऱ्यावर चांगला आठवड्याचा राग घेऊन उभ्या. मध्ये धोंडुबाई, तिचा हात अंजनाच्या हातात. अंजनाला पळता येत नव्हतं.

"आप्पा, काय घातलंस रं तंबाकूत? साऱ्या आळीची पोटं धरल्यात!"

"आवं मामी, आईच्यान् काय न्हाई! हीच तंबाकू माज्या घरात हाय. माजी आई बी हीच लावती." त्यानं आत तोंड करून हाक मारली, "आई, जरा भाईर ये!"

आप्पासोची आई दगडाबाई बाहेर आली. प्रसन्न चेहरा, दातांवर काळा लेप. तिनं सगळं ऐकून घेतलं, पचकन थुंकली आणि म्हणाली, "मला तर बया काय बी न्हाई. म्या पहाटंच मोकळी."

त्या एका वाक्यानं सगळ्या बायांच्या मनात असूया दाटून आली. आणि पाठोपाठ विचार आला.

"म्हंजी तंबाकू चांगली हाय," भामाबाई सावकाश म्हणाली. "मग भाजण्यात चुकतंय."

सगळ्यांची तोंडं अंजनाकडं वळली. धोंडुबाईला दिसत नव्हतं, पण तिचंही वळलं.

"वाईची हाय ती," अंबूबाई म्हणाली. "तितल्या बायकांना पुरणपोळी भाजाय येती. मिसरी न्हाई."

"शिकंल की," दगडाबाई उदारपणे म्हणाली. "चला, म्या येती. तिच्या चुलीवरच भाजून दावती."

दगडाबाई आली. तिनं अंजनाच्या चुलीवर, अंजनाच्या तव्यावर, साऱ्या आळीसमोर अशी मिसरी भाजली की धुरानंच दोघींची डोकी उतरली. प्रत्येकीला वाटणी मिळाली, जिची तिची डबी वेगळी झाली. धोंडुबाईची डबी दगडाबाईनं स्वतःच्या हातानं भरली. त्या मिसरीची धोंडुबाईनं एक चिमूट जरी लावली असती, तरी फरक कळला असता आणि खेळ खलास झाला असता. तिनं झाकण उघडलंसुद्धा.

"आत्याबाई, थांबा!" अंजना ओरडली. "आधी देवापुढं ठेवून आणते."

"मिसरी? देवापुढं?"

"आमच्यात वाईला पद्धत हाय. नवीन काय बी घेतलं तर आधी गणपतीपुढं ठेवत्यात."

वाईच्या गणपतीचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? बायांनी हात जोडले. अंजना डबी घेऊन आत गेली, देवापुढं तिनं खरी मिसरी बरणीत ओतली, मंजन डबीत भरलं, देवाची क्षमा मागितली आणि दगडाबाईचा हात कसा काय आहे हे कळावं म्हणून एक चिमूट दातांवर फिरवली. हात चांगला होता. तिनं आणखी एक घेतली.

दोन दिवसांत आळी ताळ्यावर आली. नळावर हसणंखिदळणं सुरू झालं, भामाबाईनं म्हशीची समजूत काढली. दुखणं राहिलं एकट्या धोंडुबाईचं. तंबाखू तीच, भाजणारी तीच, मग हिलाच गुण का नाही? तर सगळ्यांनी ठरवलं, आक्काला दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. धनगरवाड्यावरचा बिराप्पा अंगारा देऊन गेला. तंबाखूवाचून राहायची तोवर तिच्या शरीराला सवय होत आलीच होती. चार दिवसांनी डोकं उतरलं, भूक लागली, आणि एका सकाळी धोंडुबाई परसातून परत आली ती थेट अंगाऱ्याच्या पाया पडली. दगडाबाईच्या हाताला गुण नाही असं ठरवून पुढची मिसरी तिनं सुनेकडून आपल्याच रीतीनं भाजून घेतली.

हिरड्यांतलं रक्त थांबलं. सूज गेली. तोंडाची घाण गेली, भाकरीची कडसुद्धा चावून खाता यायला लागली, अंगावर तजेला आला. रोज सहासहा वेळा तुरटीनं आणि लवंगेनं दात घासले तर दुसरं काय होणार?

इकडं अंजनाची चव जुळवण्याची खटपट कधीच संपली होती. जुळली होती चव. पण खात्री करून घेतलेली बरी, म्हणून ती रोज पहाटे उतरंडीमागं जायची. मग दुपारीही खात्री करून घ्यायची. बरणी रिकामी झाली तेव्हा तिनं आप्पासोकडनं "आत्याबाईसाठी" म्हणून तंबाखू आणली आणि भाजली. आता कंबरेला छोटी डबी आली. एकदा आरशात दातांच्या फटींतल्या काळ्या रेघा दिसल्या तेव्हा तिनं आरसा पालथा घातला. तिनं ठरवलं, उद्यापासून बंद. उद्या पोटानं ऐकलं नाही. त्यानंतर ती बोलताना पदर तोंडावर धरायला लागली. आळीत त्याचंही कौतुकच झालं. शहरातली असून काय मर्यादा आहे पोरीला, असं भामाबाई स्वतःच्या सुनेला ऐकवायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बॅटरी मारली आणि या वेळी ती विझवली नाही.

"वा, आजी! कमाल केलीत. मिसरी सोडलीत ना?"

"सोडली की! हात बी लावत न्हाई." धोंडुबाई सुनेकडं तोंड करून गालात हसली. ती नकळत डॉक्टरांशी खरं बोलत होती, आणि आपण त्यांना कसं फसवलं या आनंदात होती.

डोळा झाला. नीट झाला. पट्टी बांधून पडून असताना धोंडुबाईनं शेजारच्या खाटेवरल्या बाईला बजावून सांगितलं, "डाक्टरचं ऐकू नगं. म्या मिसरी दुप्पट केली, तवा हिरड्या बऱ्या झाल्या." वाडीत परतल्यावर तर तिनं ओट्यावरून तसा पुकाराच केला. मिसरीनं पू जातो, मिसरीनं डोळा उघडतो. पुरावा समोर बसलेला होता, नाही कोण म्हणणार? भामाबाईच्या ज्या सुनेनं आजवर मिसरीला शिवायचं नाकारलं होतं, तिलाही आता बोट तोंडात घालावं लागलं. ते बघून अंजनाला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर तीन महिन्यांची फसवणूक उघडी पडत होती. आणि पदराआडचं तोंडही उघडावं लागत होतं.

सांगलीला चष्मा मिळायच्या दिवशी अंजना पदर आणखी घट्ट तोंडावर धरून होती. चारच दिवसांनी लालासाहेब सुट्टीवर यायचा होता.

डॉक्टरांनी धोंडुबाईच्या नाकावर चष्मा चढवला. काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, त्यातून सगळं असतं त्याहून मोठं दिसायचं. धोंडुबाईनं आधी भिंत बघितली. मग भिंतीवरची पाल बघितली आणि तिला हात जोडले. मग डॉक्टरांकडं वळली.

"आगं बया, ह्यो तर पोरगा हाय! म्या एवढ्या पोराच्या हातात डोळा दिला व्हय?"

मग ती इकडंतिकडं शोधायला लागली. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"अंजने, कुठं हायस? ये म्होरं."

अंजना पुढं झाली. धोंडुबाईनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, नाक बघितलं. चष्म्याच्या खालून पाण्याची धार लागली. डॉक्टर "डोळ्यात पाणी नको" म्हणाले, पण कापसाचा बोळा त्यांनीच पुढं केला.

"गोड हायस गं. लय गोड हायस. आता पदर काढ तोंडावरला. हास बघू माज्याकडं बघून."

"आत्याबाई, घरी गेल्यावर..."

"हास म्हणती न्हवं!"

अंजना हसली.

धोंडुबाईचा चेहरा तसाच राहिला, फक्त मान हळूहळू पुढं आली. दाताच्या प्रत्येक फटीत काळी रेघ, हिरडीच्या कडेला काळी किनार, आणि त्या काचांतून दीडपट. डॉक्टरांनीही पाहिलं. त्यांनी सवयीनं बॅटरी हातात घेतली आणि परत ठेवली.

"कुणाची लावतीस?" धोंडुबाईनं विचारलं.

"आं?"

"मिसरी गं! कुणाची लावतीस?"

"आप्पांच्या दुकानची," अंजना रडकुंडीला येऊन म्हणाली. "दगडाबाईंनी दाखवली तशी भाजून."

"तरीच!" धोंडुबाईनं कपाळावर हात मारला. "त्या दगडीची मिसरी, आन् दात ऱ्हात्याल? आगं, घरात एवढी चांगली डबी आसताना चोरून दुसऱ्याची लावतीस? सासूकडं मागाय लाजलीस व्हय?" तिनं कनवटीची डबी काढून टेबलावर आपटली. "डाक्टर, आता खरं सांगती. म्या मिसरी सोडली नव्हती. ही लावली, दिसातनं सा येळा. हिनंच माज्या हिरड्या बऱ्या झाल्या. तुमी उगं तिला नावं ठेवता."

डॉक्टरांनी झाकण उघडलं. हुंगलं. चिमूट घेऊन जिभेला लावली. लवंग, तुरटी, सैंधव. त्यांनी मान वर करून अंजनाकडं पाहिलं. अंजनानं सासूच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर पुन्हा थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"आजी, माझं चुकलं," ते वळून म्हणाले. "अशी मिसरी मी पाहिली नव्हती. उत्तम आहे. सूनबाईंना हीच लावायची, दिवसातून सहा वेळा, तुमच्या डोळ्यांसमोर. आळीतल्या सगळ्यांना हीच द्या. आणि ती दुसरी डबी असेल ती इथंच ठेवून जा."

"काढ गं," धोंडुबाई म्हणाली. अंजनानं कंबरेची डबी काढून टेबलावर ठेवली. ती ठेवताना तिचा हात जरासा रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सगळ्या जमल्या. अंजना मध्ये बसली होती. कालपासून तिचं डोकं ठणकत होतं, कानशिलं उडत होती, सकाळी दोनदा परसात जाऊन ती तशीच परत आली होती. स्वतःच्या हातानं कुटलेलं, स्वतःच्या हातानं चाळलेलं मंजन तिच्या बोटावर होतं, आणि जीभ कशी ती चरचरत नव्हती. समोर धोंडुबाई मांडी घालून, चष्मा सावरून, सुनेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसली होती.

"झालं, आत्याबाई," अंजना म्हणाली.

"कुठं झालं? डाव्या दाढंच्या मागं ऱ्हायलंय आजून," धोंडुबाई म्हणाली. "मला दिसतंय की."